हॉप्स आणि गोडा मसाला

९ ऑगस्ट, शनिवार

आज दोन केग घरी आले. टोलीडोच्या अलीकडे एक माणूस गॅरेज रिकामं करत होता, तिथून माझा मित्र जगन्नाथ आणि मी ते उचलून आणले. स्टीलचे, मांडीइतके उंच, डोक्यावर अंडाकृती झाकण. पूर्वी यांतून हॉटेलांना सोडा जायचा. आजवर मी घरची बिअर बाटल्यांतच भरत आलो. ढीगभर बाटल्या धुवायच्या, प्रत्येकीत चिमूटभर साखर टाकायची, बूच ठोकायचं आणि पुढे देवावर हवाला. गेल्या वर्षी तळघरात तीन फुटल्या तेव्हा माझी बायको कांचन भूकंप समजून नेसत्या कपड्यांनिशी रस्त्यावर गेली होती. केगचं तसं नाही. बिअर ओतायची, फ्रिजमध्ये थंड करायची आणि टाकीतून कार्बन डायऑक्साइड लावून ठेवायचा. थंड बिअर सावकाश गॅस पिऊन घेते. तिने किती प्यायचा ते रेग्युलेटरचा काटा फिरवून आपण ठरवायचं. सगळी नोकरी मोटारींच्या रंगांच्या लॅबमध्ये काढलेल्या माझ्यासारख्याला हे मनापासून पटतं.

जगन्नाथ भूलतज्ज्ञ होता, आता निवृत्त. म्हणतो, "आयुष्यभर माणसांना गॅस दिला, आता बिअरला देऊ." टाकी वाहायचं काम म्हणून त्याच्याकडे आपोआप गेलं.

हा सगळा खटाटोप ऋतासाठी. चार ऑक्टोबरला तिचं आणि डर्कचं लग्न, आमच्याच घराच्या मागच्या अंगणात. दोघंही ग्रँड रॅपिड्सच्या शाळेत बँड शिकवतात, पाहुणे साठेक. मागच्या रविवारी फोनवर म्हणाली, "बाबा, बिअर तू करशील? आणि आई मसालेभात. दॅट्स ऑल आय वाँट, सीरियसली." या मुलीने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. गणितसुद्धा आईकडून शिकली. फोन ठेवल्यावर मी जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

केगसोबतच्या कागदात लिहिलंय की जुन्या सोड्याच्या केगमधल्या रबरी कड्या बदलाव्यात, कारण त्यांत रूट बिअरचा वास मुरलेला असतो. रूट बिअर म्हणजे इथलं ते काळं गोड पेय, आपल्या माणसांना ज्याला गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास येतो. मी कड्या काढून एकेक नाकाशी धरून पाहिली. कसलाही वास नाही. उगाच नव्या कशाला आणायच्या?

गॅरेजमधला फ्रिज कांचनचा. कढीपत्ता, सुकं खोबरं, पुण्याहून आलेले मसाले. बऱ्याच वाटाघाटी झाल्या. "खालचा भाग तुमचा. पण माझ्या कढीपत्त्याला बिअरचा वास लागला तर केग रस्त्यावर," असा तह झाला.

१६ ऑगस्ट, शनिवार

बादलीतली बिअर आंबून शांत झाली होती, ती आज दोन्ही केगमध्ये भरली. झाकणं लावून गॅस सोडला, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून पाहिलं. कुठे बुडबुडा नाही. दाबाचा काटा बारा पौंडांवर ठेवला. आता आठ-दहा दिवस हात लावायचा नाही. जगन्नाथला हे जमत नाही. तो रोज फोन करून "पेशंट कसा आहे?" विचारणार.

रात्री जेवताना आमटी भुरकली आणि थांबलो. तिखट होतं, मीठ होतं, चिंचगूळही. गोडा मसाला तेवढा नव्हता. कांचनच्या आमटीत गोडा मसाला नाही असं आजवर झालेलं नाही. लग्नाच्या गडबडीत राहिला असेल. 

२१ ऑगस्ट, गुरुवार

कॉफी पाणचट. कालची भाजीही तशीच. डबा बदललास का विचारलं तर म्हणाली, "तोच आहे." आणि जरा रागानेच कप उचलून नेला. ती म्हणते की मे महिन्यातल्या सर्दीपासून माझ्या खुसपटं काढण्याला ऊत आलाय. त्या सर्दीने पंधरा दिवस अंथरुणाला खिळवलं होतं हे खरं, पण त्याचा कॉफीशी काय संबंध?

एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून निघेल. कांचनच्या आईंचं असंच सुरू झालं होतं. आधी फोडणीत हिंग विसरायच्या. मग शेजाऱ्यांची नावं. शेवटी कांचन पुण्याला गेली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "तुम्ही कोणाच्या?" विमानतळावरून परत येताना कांचन गाडीत एवढंच म्हणाली होती की मला असं होऊ लागलं तर मला सांगा, लपवू नका.

नको ते मनात येतंय.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेशचतुर्थी

पूजा छान झाली. जगन्नाथ जेवायला होता. मोदक पाहायला नेहमीसारखे, कळ्या एकसारख्या. एक तोंडात घातला. सारण नुसतं गोड. वेलदोडा नाही, जायफळ नाही, वर सोडलेल्या तुपाचाही पत्ता नाही.

नैवेद्याच्या स्वैपाकाची चव आधी बघायची नाही हा कांचनचा नियम. ती वासावर अंदाज घेते. पातेल्यावर वाकते, डोळे मिटते आणि "झालं" म्हणते. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नाही. ज्या नाकावर तिचा सगळा स्वैपाक उभा आहे तेच तिला दगा देतंय की काय?

मी शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "वेलदोडा राहिला का गं?"

"आत्ताच तर कुटला. खलबत्ता अजून ओट्यावर आहे."

"नाही, लागला नाही म्हणून म्हटलं."

ती उठून आत गेली, खलबत्ता पाहून आली. मग स्वतः एक मोदक खाल्ला, सावकाश.  जगन्नाथ मागून मागून खात होता, पण तो नागपूरचा. त्याला गोड दिसलं की पुरे.

३० ऑगस्ट, शनिवार

पहिला ग्लास काढला. निराशा. रंग सुरेख, फेस बेताचा, कडवटपणा आहे. पण जीव नाही. संत्र्याच्या वासाचे म्हणून मुद्दाम मागवलेले हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं, घातले होते, त्यांचा मागमूस नाही. एकतर हॉप्स शिळे निघाले किंवा गॅस कमी पडतोय. हॉप्सचं आता काही करता येत नाही, गॅसचं येतं. काटा वीसवर नेला.

२ सप्टेंबर, मंगळवार

वीसवर थोडी जाग आली. पंचवीसवर नेला.

४ सप्टेंबर, गुरुवार

आता कशी! घोट घेतला की जिभेला चावते, नाकात झिणझिण्या येतात, डोळ्यात पाणी. कित्येक दिवसांत एवढं चवदार काही तोंडात गेलं नव्हतं. जगन्नाथला बोलावलं. नळी दाबली की ग्लासात नुसता फेस. तो म्हणाला, "अन्या, यात बिअर कधी येणार? की मी उद्या येऊ?" बऱ्याच वेळाने फेस बसला, त्याने घोट घेतला आणि तोंडात तसाच धरून ठेवला.

"इंटरेस्टिंग आहे," म्हणाला. "काही वेगळं टाकलंस का?"

"संत्र्याच्या वासाचे हॉप्स आहेत."

"हं. तेच असेल." ग्लास मात्र संपवला नाही. डॉक्टरमंडळींना चव कमीच.

६ सप्टेंबर, शनिवार

आज गॅरेजमध्ये दार लावून ऋताला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईचं काहीतरी बिनसलंय. मसाला विसरते, वेलदोडा विसरते, आणि घातला असं ठामपणे सांगते. आजीचं माहीत आहे ना तुला?

ती म्हणाली, "बाबा, आर यू शुअर? मी रोज बोलते तिच्याशी. शी साउंड्स फाइन."

"तू फोनवर बोलतेस. मी तिच्या हातचं जेवतो."

"मी पुढच्या वीकेंडला येते. तोवर तिला काही बोलू नकोस, प्लीज."

कांचनने मला सांगायला बजावलं होतं आणि मी तिला सोडून तिच्या मुलीला सांगून बसलो. पण तिच्यासमोर उभं राहून हे कसं सांगतात?

९ सप्टेंबर, मंगळवार

कांचन सकाळपासून दुपारपर्यंत बाहेर होती. कुठे गेली होतीस विचारलं तर "काम होतं." कुठलं, तर नुसतीच माझ्याकडे पाहत राहिली. कुठे गेली होती ते तिला आठवत नसावं. मी विषय बदलला, तिला अवघडल्यासारखं नको.

संध्याकाळी मात्र ती आपणहून बोलली. "ऋताला सांगून टाका, मसालेभात बाहेरून मागवू. शेजारच्या ट्रॉयमधल्या त्या बाई करून देतात."

"अगं, पण तिने तुझ्या हातचा मागितलाय."

"माझा हात राहिला नाही आता. साठ माणसांसमोर फजिती नको."

मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. मुलीने दोनच गोष्टी मागितल्या होत्या, त्यातली एक आज गेली. कांचन पाठमोरी होऊन ओटा पुसत राहिली, स्वच्छच होता तरी.

११ सप्टेंबर, गुरुवार

आता शंका उरली नाही. दुपारी मी स्वैपाकघरातल्या टेबलाशी रेग्युलेटरचा कागद वाचत बसलो होतो. कांचन लोणी कढवायला ठेवून वर फोनवर बोलायला गेली आणि विसरली. अचानक धुराचा भोंगा किंचाळायला लागला. ती धावत खाली आली, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. पातेलं काळंठिक्कर.

मी काही बोलणार इतक्यात तिनेच विचारलं, "अहो, तुम्ही इथेच बसला होतात ना?"

"हो."

"सगळं घर भरलं वासाने. जिन्यातच मला ठसका लागला. तुम्हाला वास नाही आला?"

"मी वाचत होतो. लक्ष नव्हतं."

ती पातेलं हातात धरून माझ्याकडे पाहत उभी राहिली, एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तशी. भीतीच वाटली मला. तिच्या आईंची नजर शेवटी शेवटी अशी व्हायची.

१३ सप्टेंबर, शनिवार

आजचं लिहायला हात उचलत नाही. पण जसं झालं तसं लिहितो.

ऋता दुपारी आली. आधी तिला बिअर दिली, कौतुकाने. फेस बसेपर्यंत ती आईशी बोलत होती. मग एक घोट घेतला आणि सिंककडे पळाली.

"बाबा! ही रूट बिअर आहे. म्हणजे बिअर आणि रूट बिअर मिक्स. इट्स लाइक ड्रिंकिंग बेंगे." बेंगे म्हणजे गुडघ्याला चोळायचं तेच मलम.

"काहीतरीच. दाखव." मी प्यालो. कडू, थंड, झकास चावत होती. "अगं चांगली आहे की."

कांचन बिअरला स्पर्श करत नाही, पण तिने ग्लास घेऊन वास घेतला आणि हळूच खाली ठेवला. मग कपाटातून एक डबा काढला. "सुवर्णाने पुण्याहून गोडा मसाला पाठवलाय. कालच आला. कसा आहे बघा." सुवर्णा तिची धाकटी बहीण.

मी डबा नाकाशी नेला. "शिळा आहे. वासच नाही."

ऋता दोन पावलांवर उभी होती, तिला शिंक आली.

"डोळे मिटा," कांचन म्हणाली. मी मिटले. नाकाखाली काहीतरी धरलं तिने. "हे काय आहे?"

"काही नाही. रिकामी डबी आहे."

"उघडा."

हिंगाची डबी होती. काठोकाठ भरलेली, झाकण काढलेली.

 मला आठवलं ते एकेक करून, आणि सगळं उलट्या बाजूने. आमटी, कॉफी, मोदक, रबरी कड्या, जळकं तूप. तिचं काही चुकलं नव्हतं. मे महिन्यातली सर्दी माझं नाक घेऊन गेली होती आणि मी ते तिच्याकडे शोधत होतो.

"म्हणजे आई ठीक आहे," ऋता म्हणाली आणि रडायलाच लागली. "आई, बाबाने मला फोन केला होता. ही थॉट यू वेअर लाइक आजी."

आपली मुलं इथे जन्मली की अशी. पोटात काही राहत नाही.

कांचन चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला माहीत आहे मी ठीक आहे. मंगळवारी मी डॉक्टरांकडे गेले होते. एकटीच. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. घड्याळ काढायला लावलं. पाच शब्द दिले आणि परत विचारले. सगळं बरोबर आलं." थोडं थांबून, "बाहेर येऊन गाडीत बसले आणि तशीच बसून राहिले. म्हटलं, यांना सांगितलं तरी खरं वाटायचं नाही. मोदकात वेलदोडा नव्हता ना."

मी माफी मागितली. ती "हो" म्हणाली, तेवढंच.

१४ सप्टेंबर, रविवार

दोन्ही केग गटारात ओतले. जगन्नाथला फोन करून विचारलं, बिअर अशी होती तर बोलला का नाहीस? म्हणाला, "तू इतका खूश होतास यार. मला वाटलं मुद्दाम केलीय. रिटायर झाल्यावर माणसं काहीही करतात."

सायंकाळी कांचनला म्हटलं, ट्रॉयच्या बाईंना नाही कळवू. भात तूच कर.

"आता नाही जमणार," ती म्हणाली. "तुम्ही रोज विचारत होतात ना, राहिलं का, विसरलीस का. आता मला स्वतःलाच वाटतं. मीठ घातलं की डब्याकडे बघते. झाकण लावलं की परत उघडते. माझा दोष नव्हता हे डोक्याला कळलंय हो. हाताला नाही कळत."

 ऋताला सांगितलं, बिअरही विकत आण. ज्याला वास येत नाही त्याने बिअर करू नये. ऋता काही बोलायच्या आधी कांचनच म्हणाली, "करा तुम्ही. मी वास घेते."

जगन्नाथला लगेच बोलावलं. आज कामाला लागलो तरच चार तारखेला पोचते. हॉप्सच्या दोन पुड्या मी कांचनसमोर धरल्या. तिने एकीवर नाक ठेवलं आणि तोंड वाकडं केलं, "मांजरीच्या खोलीसारखा." दुसरी हुंगून थांबली. परत हुंगली. "संत्र्याचं साल. वाळलेलं नाही, आत्ता नखाने सोललेलं." जगन्नाथने दोन्ही हुंगून पाहिल्या आणि म्हणाला, "मला दोन्ही सारख्याच." दुसरी घातली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नाकाच्या डॉक्टरांकडे. सर्दीच्या विषाणूने वासाची नस दुखावली. कित्येकांना ते महिनोन्महिने कळतही नाही, म्हणाले. परत येईल, अर्धवट येईल किंवा येणार नाही. रोज चार तीव्र वास हुंगायचा सराव दिलाय. मी विचारलं, मग गॅसचं चावणं कसं कळतं? म्हणाले, ते वेगळ्या नसेचं काम, ती शाबूत आहे. म्हणून मी काटा वर वर नेत होतो. जेवढं मला उरलं होतं तेवढंच मी सगळ्यांना पाजत होतो.

सरावासाठी कांचनने लवंग, कॉफी, लिंबू आणि हिंग अशा चार बाटल्या करून टेबलावर ठेवल्या. न मागता.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज बिअर केगमध्ये भरायची. कड्या सगळ्या नव्या घातल्या होत्या. झाकणाच्या, तोटीच्या, एकूण एक. केग धुण्याच्या सोड्याने धुऊन, उकळत्या पाण्याने धुऊन ठेवले. भरायच्या आधी कांचनला म्हटलं, एकदा बघ.

पहिल्या केगमध्ये वाकली. "ठीक." दुसऱ्यात वाकली आणि तशीच राहिली. "यात आहे अजून ते मलम."

"शक्य नाही. सगळं रबर नवीन आहे."

"थोडं आहे. पण आहे."

"कांचन, मी स्वतः एकेक बदललीय. यादी..." आणि माझं मलाच ऐकू आलं मी काय करतोय ते. ती सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावर तो भाव येताना दिसला, त्या रविवारचाच. घातलं की नाही. आहे की नाही. मी खाली बसलो, पाना घेतला आणि तोटी उघडून आतली लांब नळी उपसून काढली. नळीच्या मानेशी, जिथे ती केगमध्ये टेकते, एक बारीक काळी कडी बसली होती. बांगडीच्या तुकड्याएवढी. ती बदलायची मी विसरलोच होतो. पहिल्या केगची बदलली, याची राहिली.

कडी तिच्या हातात दिली. तिने नाकाशी धरली. "हीच," म्हणाली. मग जगन्नाथकडे दिली. त्यानेही हुंगली आणि म्हणाला, "वहिनी, मानलं बुवा. एवढीशी वस्तू, एकोणीस लिटरच्या भांड्यात!"

कांचनने कडी टाकली नाही. ओट्याच्या खिडकीत ठेवली, वाटीत. आम्ही केग भरून, काटा बारावर ठेवून आत आलो तेव्हा ती फोनवर होती. ट्रॉयच्या बाईंना सांगत होती की पोळ्या आणि भाज्या ठरल्याप्रमाणे आणा, भात मात्र घरी होणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

मी ग्लास काढला आणि तिच्याकडे दिला. माझ्या जिभेला मिळमिळीत लागत होती, हात काट्याकडे जायला शिवशिवत होता. तिने वास घेतला.

"वाढवू का थोडा?"

"मुळीच नाही. फेस जास्त झाला की वास उडून जातो. आत्ता साल आहे, आणि मागे ओलं गवत. आहे तसं राहू द्या."

आपट्याची पानं इथे कुठली, पण तिने अंगणातलं मेपलचं एक पिवळं पान माझ्या हातावर ठेवलं. मीही ठेवलं.

५ ऑक्टोबर, रविवार

काल लग्न झालं. थंडी बेताची, ऊन होतं. शाळेतल्या मुलांनी अंगणात बँड वाजवला आणि शेजाऱ्यांची कुत्री शेवटपर्यंत साथीला होती. डर्कचे वडील उंच, अबोल गृहस्थ. त्यांनी एक ग्लास घेतला, मग दुसरा, मग मला विचारलं की यात कसला वास आहे. मी म्हटलं, माझ्या बायकोला विचारा. कांचनने त्यांना संत्र्याचं साल आणि गवत इंग्रजीत समजावून सांगितलं, हातवारे करून. बिअरचा थेंब न घेतलेली बाई नळाशी उभी राहून लोकांना बिअर समजावत होती. दोन्ही केग संध्याकाळच्या आत रिकामे झाले. जगन्नाथने ते उचलून हलवून पाहिले आणि म्हणाला, "पेशंट गेले. शांतपणे."

पण मला लिहायचंय ते सकाळचं. पाहुणे यायच्या आधी स्वैपाकघरात आम्ही दोघंच होतो. मोठ्या पातेल्यात मसालेभात वाफेवर होता. पहाटेपासून तिने मला शेजारी बसवलं होतं, पण तिने काय घातलं, काय नाही, मी एकदाही विचारलं नाही. एकदा तिने मिठाच्या डब्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

शेवटी म्हणालो, "कसा झालाय?"

"चव कशी सांगू? नैवेद्य व्हायचाय अजून."

"चव नको. वास सांग मला."

तिने झाकण काढलं, पातेल्यावर वाकली आणि डोळे मिटले. खूप वेळ तशीच वाकून राहिली.  वाटलं, पुन्हा तीच शंका तिला धरतेय, आणि ती मीच तिला दिलेली.

मग ती म्हणाली, "लग्नाचा."

मीही वाकलो. आमच्या लग्नात मांडवामागे चुलाण पेटलं होतं, त्यावरच्या भाताचा वास क्षणभर आल्यासारखा वाटला. आला नव्हता. तोंडाला नुसती वाफ लागत होती, गरम आणि ओली. ती झाकण लावेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. तिनेही घाई केली नाही.